मुख्य बातमी ठरते कशी, उरते कुठे

७ सप्टेंबर २००८, रविवार. फ्लोरिडातल्या ‘सन-सेंटिनेल’ या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर मध्यरात्रीनंतर वाचक जवळजवळ नव्हतेच. तेवढ्यात कुणीतरी एक जुनी बातमी उघडली. युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची ती बातमी डिसेंबर २००२ मधली होती. मालक कंपनी ट्रिब्यूनने नंतर केलेल्या खुलाशानुसार, त्या सामसूम वेळेला एवढं एक वाचनही पुरलं आणि व्यापारविषयक ‘सर्वाधिक वाचलेल्या’ बातम्यांच्या चौकटीत ती जाऊन बसली. गूगलचा क्रॉलर, म्हणजे वेबपानं धुंडाळणारा प्रोग्राम, तिथे पोचला तेव्हा त्याला एक नवा दुवा दिसला. बातमीत तारीख नव्हती, पानाच्या माथ्यावर मात्र त्या दिवसाची तारीख होती. यंत्राने बातमी ताजी धरली आणि गूगल न्यूजमध्ये घेतली. सोमवारी सकाळी एका गुंतवणूक सल्लागार संस्थेने ती ब्लूमबर्गच्या पडद्यांवर पोचवली. बारा डॉलरच्या आसपास असलेला युनायटेडचा शेअर काही मिनिटांत तीन डॉलरपर्यंत कोसळला आणि नॅसडॅकला व्यवहार थांबवावे लागले.

हा प्रसंग सहसा यंत्राच्या चुकीचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात अधिक मूलभूत अडचण दिसते. आज मोठी बातमी कोणती हे ठरवण्याचं काम एकीकडे चाललं होतं आणि जुन्या बातम्या जपण्याचं काम दुसरीकडे. दोन्ही कामांची एकमेकांशी गाठ नव्हती. ॲग्रिगेटरांवर, म्हणजे शेकडो ठिकाणच्या बातम्या गोळा करून क्रमाने मांडणाऱ्या साइट्स आणि ॲप्सवर, गेली वीस-बावीस वर्षं भरपूर लिहिलं गेलं आहे. पण ते बहुतेक निवडीबद्दल आहे: यंत्राने निवडावं की माणसाने, पक्षपात होतो का, छोट्यांवर अन्याय होतो का. निवड झाल्यावर तिची नोंद कुठे राहते, हा प्रश्न मागेच राहिला आहे. माझ्या मते नोंद नसेल तर पक्षपाताचा वादही पुराव्याविना चालतो. म्हणून या दोन्ही प्रश्नांचा आढावा इथे एकत्र घेतो आहे.

आधी निवडीकडे पाहू. यंत्राकडून बातम्यांचे गट पाडून घेण्याचं संशोधन गूगलपेक्षा जुनं आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, नव्वदच्या दशकात त्यासाठी स्वतंत्र प्रकल्प चालवला होता. बातम्यांच्या प्रवाहातली नवी घटना ओळखायची आणि तिच्या पुढच्या बातम्या तिच्याशी जोडत जायच्या, हा त्याचा गाभा. २००१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथलीन मॅककिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यूजब्लास्टर’ सुरू केला. तो रोजच्या बातम्यांचे गट पाडून त्यांचा गोषवाराही स्वतःच लिहीत असे.

सामान्य वाचकापर्यंत ही कल्पना पोचवली कृष्ण भरत यांनी. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले भरत तेव्हा गूगलमध्ये संशोधक होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर एकाच घटनेच्या बातम्या ठिकठिकाणी जाऊन शोधताना होणारी दमछाक त्यांनी पाहिली आणि त्या एकत्र आणणारं यंत्र तयार केलं. सप्टेंबर २००२ मध्ये सुमारे चार हजार इंग्रजी स्रोत घेऊन गूगल न्यूज लोकांसमोर आलं. पानाची मांडणी संगणक करतो, त्यात संपादकाचा हात नाही, हे त्या पानावर अभिमानाने लिहिलेलं असे.

हा दावा अर्धाच खरा होता. एका घटनेवर किती ठिकाणी लिहिलं गेलं, किती लवकर लिहिलं गेलं, कुणी लिहिलं आणि त्यांनी ती बातमी आपल्या पानावर किती वर ठेवली, यांवरून हे यंत्र बातमीचा आकार ठरवतं. जगभरच्या वृत्तसंपादकांनी आदल्या काही तासांत घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज असते. म्हणून जिथे बातमीदार पोचलाच नाही तिथली घटना या बेरजेत येत नाही, आणि एकाच वृत्तसंस्थेची बातमी पन्नास जणांनी जशीच्या तशी छापली की ती फुगलेली दिसू शकते.

कोणत्या स्रोताला किती मान द्यायचा, याचा अंदाज गूगलच्या एका पेटंटवरून येतो. मायकेल कर्टिस, कृष्ण भरत आणि मायकेल श्मिट यांच्या नावे २००३ मध्ये त्यासाठी अर्ज झाला. त्यातले निकष वाचताना आपण एखाद्या वर्तमानपत्राची मालमत्ता मोजतो आहोत असं वाटतं: ठरावीक काळात किती बातम्या येतात, त्यांची सरासरी लांबी किती, ताज्या घडामोडीवर स्रोत किती लवकर लिहितो, खप किती, संपादकीय विभागात माणसं किती, कचेऱ्या किती ठिकाणी, परदेशातून वाचक येतात का. इतरांच्या बातमीत नसलेली नावं या बातमीत आहेत का, हा मात्र चांगला निकष. त्यावरून बातमीदार स्वतः जागेवर गेला होता की नाही याचा सुगावा लागतो. पेटंटमधला प्रत्येक निकष प्रत्यक्षात वापरलाच असं धरू नये, पण विचाराची दिशा स्पष्ट आहे. संस्था जितकी मोठी तितकी तिची बातमी वर.

या दिशेचा परिणाम पुढे मोजला गेला. डॅनिएल ट्रिएली आणि निकोलस डायकोपोलस यांनी गूगल शोधात वर दिसणारी ‘टॉप स्टोरीज’ची चौकट २०१७ च्या अखेरीस महिनाभर तपासली. तिथे दिसलेल्या इंग्रजी बातम्यांपैकी सुमारे २३ टक्के सीएनएन, न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या तिघांच्याच होत्या. ताजेपणाला झुकतं माप दिल्याने आणखी एक घोळ होत असे. शोधपत्रकारितेची बातमी आज सकाळी एकाने दिली, दुपारी दहा जणांनी तिचं पुनर्लेखन केलं, तर संध्याकाळी ती नक्कलच वर. मूळ बातमी अधिक काळ वर राहावी यासाठी क्रमवारीत बदल केल्याचं गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं. म्हणजे सतरा वर्षं हे झालं नव्हतं.

मराठी बातम्यांचे गट पाडताना यंत्रापुढे वेगळीच अडचण येते. पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुणेकरांना हे सगळं एकाच गावाबद्दल आहे हे त्याला शिकवावं लागतं, आणि परकी नावं तर प्रत्येक वर्तमानपत्र आपापल्या पद्धतीने लिहितं. अशा वेळी एकाच घटनेचे दोन-तीन लहान गट पडतात आणि गटाचा आकार हाच महत्त्वाचा निकष असेल तर मराठीत मोठी असलेली बातमी यंत्राला लहान दिसते.

दुसरी पद्धत वाचकांच्या मतांची. २००४ च्या अखेरीस आलेल्या ‘डिग’ने ती लोकप्रिय केली, २००५ मध्ये ‘रेडिट’ आलं, २००७ मध्ये ‘हॅकर न्यूज’. या पद्धतीची मोठी जमेची बाजू म्हणजे तिचं गणित बराच काळ उघड्यावर होतं. रेडिटच्या जुन्या सूत्रात पहिली १० मतं, पुढची ९० आणि त्यापुढची ९०० यांचं वजन सारखंच; मतं दहापट होणं म्हणजे बातमी साडेबारा तासांनी ताजी असणं. सुरुवातीच्या मूठभर लोकांच्या हाती केवढी सत्ता आहे, हे त्या एका ओळीत दिसतं. हॅकर न्यूजच्या सूत्रात वर मतं आणि खाली वयात दोन तास मिळवून त्याचा १.८ वा घात. मतं तेवढीच राहिली तर दोन तासांची बातमी दहा तासांची होईपर्यंत तिचे गुण सातव्या हिश्श्याइतके उरतात. अर्थात सूत्राबाहेरही हात चालतो: व्यवस्थापक काही बातम्या खाली ढकलतात, काहींना दुसरी संधी देतात. डिगवर गट करून मतं टाकणारे आणि नकोशा बातम्या गाडणारे तयार झाले. ऑगस्ट २०१० मधल्या फेररचनेनंतर वाचक उठून रेडिटकडे गेले आणि जुलै २०१२ मध्ये डिग सुमारे पाच लाख डॉलरला विकलं गेलं.

तिसरी पद्धत संपादकांची, आणि ती कधीच संपलेली नाही. जपानमध्ये याहूच्या मुख्य पानावरचे मथळे संपादकच निवडत आले. तेरा अक्षरांत मथळा बसवण्याची त्यांची शिस्त प्रसिद्ध होती. तंत्रज्ञानाच्या बातम्यांसाठी गेब रिव्हेरा यांनी २००५ मध्ये ‘टेकमीम’ निव्वळ यंत्रावर सुरू केलं, पण डिसेंबर २००८ मध्ये संपादक नेमला आणि यंत्राने एकट्याने हे काम नीट होत नाही असं उघडपणे लिहिलं. फेसबुक उलट्या दिशेने गेलं. मे २०१६ मध्ये त्याच्या ‘ट्रेंडिंग’ विभागातल्या कंत्राटी संपादकांवर उजव्या विचारांच्या बातम्या दाबल्याचा आरोप झाला. कंपनीने ऑगस्टमध्ये त्यांना काढून काम यंत्राकडे दिलं, आणि काही दिवसांतच फॉक्स न्यूजच्या मेगन केली यांना नोकरीवरून काढल्याची खोटी बातमी त्या यादीत वर आली. जून २०१८ मध्ये विभागच बंद झाला.

यंत्र आणि माणूस यांची शेजारी-शेजारी तुलना करण्याची दुर्मीळ संधी ॲपल न्यूजने दिली, कारण तिथे ‘टॉप स्टोरीज’ संपादक निवडत आणि ‘ट्रेंडिंग’ यंत्र. जॅक बँडी आणि डायकोपोलस यांच्या पाहणीत संपादकांच्या यादीत स्रोत अधिक समतोल विभागलेले आढळले. यंत्राच्या यादीत नामवंतांच्या आणि हलक्याफुलक्या बातम्यांचा भरणा जास्त होता. एका ॲपवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येणार नाही, पण यंत्र आपोआप निःपक्ष असतं या समजुतीला तेवढा धक्का पुरेसा आहे.

या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखा देश मला दक्षिण कोरिया वाटतो. तिथे बहुतेक लोक बातम्या ‘नेव्हर’ या पोर्टलवर वाचतात, त्यामुळे नेव्हरच्या पहिल्या पानावर काय आहे हा तिथे राजकीय प्रश्न असतो. तिथल्या वृत्तपत्र कायद्याने अशा सेवांवर एक बंधन घातलं: बातम्या कोणत्या धोरणाने मांडता ते जाहीर करा आणि मांडणीला जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नावही जाहीर करा. नेव्हरने पुढे जाऊन मुख्य पानावर कोणत्या वेळी कोणत्या बातम्या होत्या याचा मांडणीचा इतिहास वाचकांना पाहता येईल असा ठेवला. ऑक्टोबर २०१७ मध्ये फुटबॉल लीगच्या विनंतीवरून टीकेच्या बातम्या क्रीडा विभागात नजरेआड केल्याचं उघड झालं, कंपनीला माफी मागावी लागली. २०१८ मध्ये टिप्पण्यांवरची मतं कृत्रिमरीत्या वाढवणाऱ्या टोळीचं राजकीय प्रकरण गाजलं. मग नेव्हरने संपादकांचा हात काढून घेतला आणि २०१९ पासून निवड वैयक्तिक आवडीवर चालणाऱ्या यंत्रणेकडे दिली. संपादकांवरचा आरोप त्यामुळे मिटला. पण प्रत्येकाला वेगळं पान दिसू लागल्यावर सर्वांसाठीचा असा मांडणीचा इतिहास राहिलाच नाही. पारदर्शकतेचं साधन आणि आरोपाचं कारण दोन्ही एकाच वेळी गेलं, आणि या देवघेवीची चर्चा जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

इथे एक जुना अभ्यास आठवतो. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधासाठी डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने एका छोट्या शहरातल्या दैनिकाच्या तार-संपादकाला आठवडाभर एकच काम सांगितलं: नाकारलेली प्रत्येक तार जपून ठेवायची आणि का नाकारली ते तिच्यावर लिहायचं. आलेल्या मजकुरापैकी नऊ-दशांश मजकूर त्याने नाकारला होता, आणि ‘जागा नाही’पासून निव्वळ नावडीपर्यंत कारणं त्याच्याच अक्षरात होती. पत्रकारितेच्या अभ्यासात हा निबंध आजही वाचला जातो तो सिद्धांतापेक्षा त्या शेऱ्यांसाठी. निवडीचा अभ्यास करायचा तर काय निवडलं, कोणत्या क्रमाने, आणि काय वगळलं, या तिन्हींची नोंद लागते.

आजच्या यंत्रणांकडे ती आत कुठेतरी असते, वाचकाला मिळत नाही. गूगलने प्रकाशकांना दिलेल्या सूचनांत बातम्यांच्या साइटमॅपमध्ये, म्हणजे क्रॉलरसाठीच्या यादीत, फक्त गेल्या दोन दिवसांतल्या बातम्या ठेवायला सांगितलेलं आहे. जुना मजकूर जपण्याचा गूगलचा प्रयत्न मोठा होता: २००६ मध्ये जुन्या बातम्यांचा शोध, २००८ पासून छापील वर्तमानपत्रांचं स्कॅनिंग, पण २०११ मध्ये ते काम थांबलं. डिग विकत घेणाऱ्यांनी काही आठवड्यांत नवी साइट उभारली, त्यात जुनं डिग उरलं नाही. नेव्हरने मात्र १९२० ते १९९९ या काळातली काही प्रमुख कोरियन दैनिकं पानंच्या पानं शोधता येतील अशी खुली केली आहेत, आणि याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

नोंद ठेवणं शक्य आहे हे छोट्यांनी दाखवून दिलं. टेकमीमवर कोणतीही जुनी तारीख आणि वेळ टाकली की त्या क्षणी पान कसं होतं ते समोर येतं. कोणती बातमी वर, तिच्याखाली कोणाचे दुवे, सगळं. हॅकर न्यूजवर जुन्या दिवसाचं पहिलं पान काढता येतं. विकिपीडियाच्या चालू घडामोडींच्या पानावर तर कुणी कोणती ओळ कधी घातली आणि कुणी काढली, हेही राहतं. यांच्यापैकी कुणाकडेही गूगलइतका पैसा नाही.

बाहेरून नोंद ठेवण्याचे प्रयत्नही झाले. लॉस एंजेलिसचे पत्रकार बेन वेल्श यांनी २०१२ मध्ये ‘पास्टपेजेस’ सुरू करून वृत्तसाइट्सची पहिली पानं तासातासाला टिपली. २०१८ मध्ये ते थांबलं, पुढे त्यांनीच तसाच नवा प्रकल्प उभारला. ‘जीडेल्ट’ प्रकल्पाने मार्च २०१८ पासून जगातल्या सुमारे ५० हजार वृत्तसाइट्सच्या पहिल्या पानांवरचे दुवे तासाला नोंदवायला घेतले. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन या सगळ्यांचा आधार आहे. पण त्याला दिसतं ते लॉगइन न केलेल्या, कुठल्याच आवडीनिवडी नसलेल्या वाचकाचं पान. ॲपच्या आतली यादी त्याच्या हाती लागत नाही, आणि अनेक भारतीय वाचक बातमी ॲपमध्येच वाचतात. शिवाय क्रम जपला तरी दुवे मरतात. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती.

कायद्यांनी निवडीकडे थोडं लक्ष दिलं आहे. युरोपच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने शिफारशीचे मुख्य निकष सोप्या भाषेत सांगणं बंधनकारक केलं. पण निकष सांगणं आणि गेल्या मंगळवारी दुपारी काय वर होतं ते दाखवणं, यांत फरक आहे. बाकी भांडण पैशावर झालं. स्पेनमध्ये प्रकाशकांना मोबदला देण्याच्या कायद्यामुळे गूगल न्यूज डिसेंबर २०१४ पासून २०२२ पर्यंत बंद होतं. कॅनडात ऑगस्ट २०२३ पासून मेटाने फेसबुकवर बातम्याच बंद केल्या. प्रकाशकांचा हक्क रास्त आहे. पण त्या वाटाघाटींत नोंदीची अट घालायचं कुणाला सुचलं नाही, ही मोठी संधी वाया गेली.

आता मराठीकडे येतो. भारतीय भाषांतल्या बातम्या मोबाइलवर आणण्यात ‘न्यूजहंट’चा वाटा मोठा आहे. नोकियातून बाहेर पडलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी तो २००९ मध्ये उभा केला. तेव्हाच्या बहुतेक साध्या फोनवर देवनागरी धड दिसत नसे, आणि ती दिसायला लावणं हेच त्यांचं पहिलं काम होतं. पुढे मालकी बदलली आणि २०१५ मध्ये नाव ‘डेलीहंट’ झालं. आज मराठी वाचक तिथे, गूगल न्यूजच्या मराठी आवृत्तीत, गूगलच्याच ‘डिस्कव्हर’च्या पट्टीत बातम्या पाहतो. कालचा क्रम मागे जाऊन पाहण्याची सोय मला यांपैकी कुठेही दिसलेली नाही.

छापील वर्तमानपत्रांची गोष्ट वेगळी होती. १९५४ च्या ग्रंथ-वितरण कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने वर्तमानपत्रंही आली आणि प्रत्येक अंकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत देणं प्रकाशकांवर बंधनकारक झालं. म्हणून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा किंवा १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कुठल्या मराठी दैनिकाने काय लीड केलं, काय अँकर म्हणून तळाला ठेवलं, काय आतल्या पानात ढकललं, हे बांधीव फाइली काढून आजही पाहता येतं. या कायद्याची भाषा छापील कागदाची आहे. वेबसाइट्सच्या पहिल्या काही वर्षांची मराठी पानं तर युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकली. जिथे ती उरली आहेत तिथेही फाँटशिवाय अक्षरांचा कचरा दिसतो आणि शोध लागत नाही. आता त्याहून मोठी पोकळी तयार होते आहे, कारण वाचकाने आज वर्तमानपत्राचं पान पाहिलेलंच नसतं, त्याने ॲपने लावलेलं पान पाहिलेलं असतं. चॅटबॉटला ‘आज काय झालं’ विचारून उत्तर घेणाऱ्याच्या बाबतीत तर लावलेलं पानही नसतं, एक परिच्छेद असतो आणि तो दुसऱ्याला वेगळा मिळतो.

यावर पूर्ण उपाय कंपन्यांच्याच हाती आहे: त्यांनी सर्वांसाठी सारख्या असलेल्या मुख्य याद्या तरी वेळेसकट जाहीर ठेवाव्यात, आणि आपला कायदा त्यांना ते सांगू शकतो. तोवर बाहेरून बरंच करता येईल. पुणे, नागपूर, संभाजीनगर, पणजी इथून कोऱ्या फोनवर, लॉगइन न करता, दिवसातून चार वेळा पाच ॲप्सच्या पहिल्या दहा मराठी बातम्या टिपायच्या: मथळा, स्रोत, दुवा, क्रमांक, वेळ. एका ठिकाणाहून वर्षाला ७३ हजार ओळी होतात, चार ठिकाणांच्या तीन लाखांच्या आत. मजकुराच्या हिशेबात हे फारच थोडं आहे, आणि पत्रकारितेच्या एखाद्या विद्यापीठ विभागाला ते सहज पेलेल. पूर्ण बातमी उतरवून घ्यायची नसल्याने प्रकाशकांच्या हक्कालाही धक्का लागत नाही. सुरुवात मात्र एखाद्या निवडणुकीच्या बऱ्याच आधी करावी. आचारसंहिता लागल्यावर सुरू केलेल्या नोंदीत ताडून पाहायला आधीचे साधे दिवस नसतात, आणि प्रचाराच्या काळात क्रम बदलला की नाही हे सांगायला तेच दिवस लागतात.